सिमच्या नेटमागचा डीव्हीआर, बिलिंग आणि धरमकाटा: बाहेरून कसं पोहोचायचं

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागेत कॅमेरे लावणं आता नवलाचं राहिलेलं नाही. रोही आणि रानडुकरं येतात, माल रंगावर आला की चोर येतात, सालदार गावाला गेला की काळजी येते. कॅमेरे लागतात, त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बसतो, वावरातल्या खोलीत मॉनिटरवर चित्र झकास दिसतं. मालक अमरावतीला पोराकडे गेला की मोबाईलवर मात्र काळा पडदा. कृषी केंद्रातल्या बिलिंगचं तेच आणि जिनिंगच्या धरमकाट्यावरच्या (गाडी मालासकट तोलायचा काटा) संगणकाचंही तेच. जागेवर सगळं चालतं, फाटकाबाहेर पडलं की काही नाही.

यूट्यूबवर विचारलं तर उत्तर ठरलेलं: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी आतल्या यंत्रापर्यंत थेट दार (पोर्ट) उघडा. सिमच्या नेटवर हा उपाय लागूच पडत नाही. लागू पडला तरी मी तो करू देणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. इथे टनेलची रीत सांगतो, म्हणजे आतल्या यंत्राने स्वतः बाहेर काढलेल्या वाटेवरून आत यायची. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

एक गोष्ट आधीच. तुम्हाला फक्त कॅमेरे पाहायचे असतील, डीव्हीआर कंपनीचं मोबाईल ॲप चालत असेल, आणि तुम्ही डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदलला असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. ते ॲपही आतून टनेलसारखंच काम करतं. पुढचा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना कॅमेऱ्याशिवाय आणखी काही बाहेरून उघडायचं आहे, किंवा ज्यांना घरातलं चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवायचं नाही.

आधी तपासा, पब्लिक आयपी आहे का

राउटरच्या सेटिंगमध्ये स्टेटस किंवा वॅन असं पान असतं. तिथला आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, कागदावर लिहा. मग त्याच नेटवरून गूगलला "माझा आयपी" विचारा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे, म्हणजे फक्त तुमचा, बाहेरून दिसणारा पत्ता. वेगळे असतील, आणि राउटरमधला आकडा १०.ने किंवा १००.६४ ते १००.१२७ पर्यंतच्या कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. विदर्भातल्या खेड्यात सिमचं नेट वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथेच असतो.

सीजीनॅट म्हणजे कंपनीने शेकडो ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी दिलेला असतो. आयपीच्या जुन्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आशिया-पॅसिफिकचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळाला गेला. आपल्याकडे खेडोपाडी फोरजी पोहोचलं ते त्यानंतर. कंपन्यांकडे प्रत्येकाला द्यायला पत्ते नव्हतेच. अशा वाटून वापरायच्या जोडण्यांसाठी १००.६४.०.० पासूनचा पट्टा २०१२ मध्ये वेगळा राखून ठेवला गेला.

याचा परिणाम असा की तुम्ही आतून बाहेर गेलात तर उत्तर परत येतं, कारण कंपनीच्या यंत्राने कोण बाहेर गेलं ते नोंदवून ठेवलेलं असतं. बाहेरून कोणी आपणहून आत यायला निघालं तर त्या यंत्राला कळतच नाही की हे शेकडोंपैकी कोणाकडे पाठवायचं. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, वाट त्याच्या आधीच बंद आहे.

टनेल याच नोंदीचा फायदा घेतं. आतलं यंत्र स्वतः बाहेरच्या एका सर्व्हरशी जोडणी करतं आणि ती धरून ठेवतं. बाहेरचा माणूस त्या सर्व्हरकडे येतो, आणि त्याची मागणी त्या उघड्या जोडणीवरून आत पोहोचते. राउटरला हात लावावा लागत नाही, सिम बदललं तरी चालतं.

गावात भारतनेटची किंवा खासगी फायबर असेल तर स्टॅटिक आयपी मिळतो का ते विचारून घ्या. वर्षाचे पैसे भरून काही ठिकाणी मिळतो. पण तो मिळाला म्हणून डीव्हीआर थेट उघडा टाकू नका. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता यंत्रं दिवसरात्र चाळत असतात. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने असेच उघडे डीव्हीआर आणि कॅमेरे, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये साइटची नावं आणि पत्ते जुळवून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पडल्या. त्यातले बहुतेक डीव्हीआर-मालक आपलं यंत्र असल्या कामाला लागलंय या गोष्टीपासून पूर्ण अनभिज्ञ होते. पोर्ट फॉरवर्ड करू देत नाही म्हणालो ते यासाठी.

कोण येणार आहे?

लोक विचारतात, कोणतं टनेल चांगलं? मी उलट विचारतो, आत कोण येणार? उत्तर तीनपैकी एक असतं.

पहिलं: मी आणि घरचे. बागेतला डीव्हीआर, दुकानातलं बिलिंग, पाण्याच्या टाकीचा सेन्सर. हे इंटरनेटवर टाकायचंच नाही. तुमच्या मोबाईलला आतल्या नेटवर्कमध्ये घ्यायचं, बस. त्यासाठी टेलस्केल नावाचं ॲप.

दुसरं: मोजकी, ओळखीची माणसं, पण ती कुठलंही ॲप घालणार नाहीत. अमरावतीचे सीए, नागपूरचा व्यापारी, कापसाच्या गाडीचा मालक ज्याला काट्याची पावती पाहायची आहे. त्यांना ब्राउझर आणि लिंक समजते. त्यासाठी क्लाउडफ्लेअर टनेल, पण दारावर ओटीपी लावून.

तिसरं: कोणीही. इथे मी बहुतेकांना परत पाठवतो. शेतकरी उत्पादक कंपनीला रोजचा सोयाबीनचा भाव सगळ्यांना दाखवायचा असेल तर ते पान गावातल्या संगणकावर ठेवायची काय गरज? लाईन (वीज) गेली की पान गेलं. ते साध्या होस्टिंगवर ठेवा आणि गावातून फक्त आकडा वर पाठवा. टनेल लागतं ते माहिती गावातल्याच यंत्रात तयार होत असेल आणि तिथूनच पाहावी लागत असेल तेव्हा.

"भाऊ, लिंकच देऊन द्या ना, मी कुठूनही पाहून घेईन." हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुठूनही तुम्ही पाहाल, तसं कोणीही पाहील. पहिल्या प्रकारात बसणारं काम लिंकच्या सोयीसाठी तिसऱ्या प्रकारात ढकलू नका.

यंत्र आणि लाईन

आत कायम चालू राहणारं एक यंत्र लागतं. दुकानात विंडोजचा संगणक दिवसभर चालूच असतो, तोच चालेल. वावरात मात्र रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा लिनक्स संगणक, पुढे नुसतं पाय) किंवा जुना लॅपटॉप. लॅपटॉप सोयीचा, कारण त्याची बॅटरी हीच त्याची यूपीएस. पण चंद्रपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशात, टिनाच्या खोलीत रात्रंदिवस चार्जरवर लावलेली जुनी बॅटरी फुगते. खोली पत्र्याची असेल तर लॅपटॉप नकोच. ठेवलाच तर झाकण बंद केल्यावर तो झोपणार नाही अशी सेटिंग करा. लिनक्समध्ये लॉगइनडीच्या कॉन्फ फाइलमध्ये हँडल-लिड-स्विच या ओळीला इग्नोर लिहायचं.

शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीपाळीने येते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे राउटर आणि पाय दोन्ही बॅटरीवर हवेत. बहुतेक राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालतात, म्हणून लोक सोलरच्या बॅटरीची वायर सरळ राउटरला जोडतात. चार्ज होताना त्याच बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर दाब जातो. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी कन्व्हर्टर टाका. पायला ५ व्होल्टचा वेगळा, ३ अँपिअर देणारा. स्वस्त कन्व्हर्टरवर पाय चालू होतो आणि जरा काम पडलं की आपोआप रीस्टार्ट घेतो. मग माणूस आठवडाभर टनेलमध्ये दोष शोधत बसतो.

पायचं आणखी एक दुखणं लक्षात ठेवा. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत घड्याळ धरून ठेवणारी चिप नाही. लाईन जाऊन आली की नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याचं घड्याळ मागे राहतं. घड्याळ चुकलेलं असलं की सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट त्याला अवैध वाटतं आणि टनेल जोडलं जात नाही. वेळ मिळाली की आपोआप सुरळीत होतं. म्हणून सेवा बंद पडली तर पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहील अशी सेटिंग हवी: सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) फाइलमध्ये रीस्टार्ट बरोबर ऑलवेज, आणि दोन प्रयत्नांत दहा सेकंदांचं अंतर.

राउटरचा आतला पट्टा आधीच बदला

हे छोटं काम कॅमेरे लावायच्या आधी केलं तर पुढची डोकेदुखी वाचते. जवळजवळ प्रत्येक राउटर आत १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० हा पट्टा देतो. वावरात तोच आणि अमरावतीच्या फ्लॅटमध्येही तोच असेल तर फ्लॅटच्या वायफायवरून डीव्हीआर शोधताना मोबाईल त्याला फ्लॅटमध्येच शोधतो. मोबाईल डेटावर चालतं, वायफायवर चालत नाही, अशी तक्रार आली की नव्वद टक्के हेच. वावरातल्या राउटरला १९२.१६८.५७.० असा काहीतरी आडवळणाचा पट्टा द्या आणि डीव्हीआरला पक्का पत्ता द्या, समजा १९२.१६८.५७.१०.

पहिली रीत: टेलस्केल

टेलस्केल वायरगार्डवर उभं आहे. वायरगार्ड म्हणजे जेसन डोननफेल्ड यांनी लिहिलेलं सुटसुटीत व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी जोडणी), जे मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आलं. टेलस्केल त्याच्या किल्ल्यांची देवाणघेवाण आणि वाट शोधणं स्वतः करतं. वैयक्तिक वापर फुकट आहे.

मोबाईलवर ॲप घाला आणि गूगल खात्याने लॉगिन करा. त्या खात्यावर टू-स्टेप पडताळणी चालू हवी, कारण आता तेच खातं तुमच्या वावराची किल्ली आहे. मग पायवर टेलस्केल इन्स्टॉल करून सुडो टेलस्केल अप ही कमांड द्या. एक लिंक येते, ती त्याच खात्याने उघडून मान्य करा. आता पाय आणि मोबाईल दोघांना १००.ने सुरू होणारे पत्ते मिळाले. हा आकडा सीजीनॅटच्या त्याच राखीव पट्ट्यातला असतो, म्हणून राउटरमधल्या १००.वाल्या पत्त्याशी घोळ करू नका.

डीव्हीआरवर टेलस्केल घालता येत नाही. पाय त्याच्या वतीने वाट देईल. आधी पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा: सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी अंडरस्कोर फॉरवर्ड या ओळीला १. मग टेलस्केल अप ही कमांड ॲडव्हर्टाइज-रूट्स या पर्यायासह पुन्हा द्या. सगळे लेख इथे पूर्ण पट्टा लिहायला सांगतात, म्हणजे १९२.१६८.५७.०/२४. मी फक्त डीव्हीआरचा पत्ता देतो: १९२.१६८.५७.१०/३२. राउटरचं सेटिंग, सालदाराचा मोबाईल, पाहुण्याचा लॅपटॉप यांच्यापर्यंत बाहेरून पोहोचायचं कारणच नाही.

यानंतर दोन गोष्टी टेलस्केलच्या वेबसाइटवरच्या ॲडमिन पानावर करायच्या, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. एक, त्या यंत्रापुढच्या मेनूत जाऊन रूट मंजूर करा. पायने सांगितलं म्हणून वाट आपोआप उघडत नाही. दोन, त्याच मेनूत की एक्स्पायरी बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते. आंबिया बहराचा ताण तोडताना, जानेवारीच्या आसपास, लावलेली सिस्टम ऐन पावसाळ्यात, वावरात पाय रुतत असताना, पुन्हा लॉगिन मागत बसते. मोबाईलची मुदत मात्र तशीच राहू द्या. मोबाईल हरवतो.

आता मोबाईलचं वायफाय बंद करा, टेलस्केल चालू करा आणि डीव्हीआरच्या ॲपमध्ये १९२.१६८.५७.१० हा पत्ता टाका. चित्र आलं पाहिजे. ॲपमध्ये सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, निवडा. हिशोब करून पाहा: ५१२ केबीपीएसची सबस्ट्रीम तासाला साधारण २३० एमबी खाते, दिवसभर चालू ठेवली तर साडेपाच जीबी. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती सकाळीच पॅक संपवेल. मुख्य स्ट्रीम तर याच्या कितीतरी पट. पाहायचं तेव्हाच उघडा, रेकॉर्डिंग डीव्हीआरच्या डिस्कवरच राहू द्या.

चित्र अडखळत असेल तर पायवरून टेलस्केल पिंग आणि पुढे मोबाईलचं नाव अशी कमांड द्या. उत्तरात डर्प हा शब्द सतत दिसला तर दोघांची थेट वाट जुळली नाही आणि डेटा मधल्या रिले सर्व्हरवरून फिरतोय. दोन्ही टोकांना सिमचं नेट असलं की असं होतं. चालतं, फक्त हळू. मजकूर कुलूपबंदच राहतो, रिलेला वाचता येत नाही.

कृषी केंद्रातला विंडोज संगणक असेल तर टेलस्केलमध्ये अनअटेंडेड हा पर्याय चालू करा. नाहीतर संगणक रीस्टार्ट झाल्यावर कोणी लॉगिन करेपर्यंत ते जोडलं जात नाही, आणि दुकानाचं शटर सकाळी उघडतं. रिमोट डेस्कटॉपसाठी विंडोज प्रो लागतं, होमवर ती सोय नाही. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट, डेटाबेसचं ३३०६, टॅलीचं ९०००, यातलं एकही कधीच, कुठल्याच टनेलने सार्वजनिक करू नका. खंडणीचे व्हायरस सर्वात आधी ३३८९ शोधतात.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टरही काही जण यात जोडतात. जोडा, पण फक्त याच पहिल्या रीतीने, आणि स्टार्टरजवळ हाताने बंद करायचा स्विच असा ठेवा की तो पाडल्यावर मोबाईलवरून काहीही सुरू होणार नाही. फूटव्हॉल्व्ह काढायला माणूस विहिरीत उतरलेला असतो, आणि मालकाला तिकडे अमरावतीत त्याचा पत्ता नसतो.

दुसरी रीत: क्लाउडफ्लेअर टनेल, ओटीपीसह

धरमकाट्याचा संगणक घ्या. काट्याच्या सॉफ्टवेअरच्या पावत्या एका साध्या वेबपानावर दिसतात, समजा त्याच संगणकाच्या ८०८० पोर्टवर. सीए आणि दोन व्यापारी यांना ते पाहायचं आहे.

स्वतःच्या मालकीचं डोमेन नाव लागतं. ते क्लाउडफ्लेअरच्या फुकट खात्यात जोडा, म्हणजे जिथून डोमेन घेतलं तिथे नेमसर्व्हर बदलून क्लाउडफ्लेअरचे टाका. बदल लागू व्हायला काही तास जाऊ शकतात. तोवर नुसती चाचणी करायची तर क्लाउडफ्लेअरडी हा प्रोग्राम घालून टनेल या शब्दापुढे यूआरएल पर्यायात लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) ८०८० द्या. खातं न काढताच एक वेडंवाकडं इंग्रजी शब्दांचं तात्पुरतं नाव मिळतं. प्रोग्राम बंद केला की ते नाव गेलं. चाचणीपुरतंच ते वापरा. ग्राहकाला ती लिंक देऊ नका, कारण तिच्यावर कुठलंच कुलूप नसतं.

खरी मांडणी करताना क्रम उलटा धरा: आधी कुलूप, मग दार. क्लाउडफ्लेअरच्या झिरो ट्रस्ट विभागात ॲक्सेसमध्ये जाऊन नवीन ॲप्लिकेशन करा, त्यात काटा डॉट तुमचं डोमेन असं नाव लिहा. धोरणात परवानगी फक्त तीन ईमेल पत्त्यांना, आणि ओळख पटवायला ईमेलवर येणारा एकवेळचा पिन. ५० वापरकर्त्यांपर्यंत हे फुकट आहे, जिनिंगला भरपूर झालं. मग टनेल तयार करा. पान एक लांबलचक टोकन असलेली कमांड देतं, ती काट्याच्या संगणकावर ॲडमिन म्हणून चालवली की क्लाउडफ्लेअरडी सेवा म्हणून बसते आणि संगणकासोबत आपोआप सुरू होते. ते टोकन व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नका. ज्याच्याकडे टोकन, त्याच्याकडे टनेल. शेवटी टनेलमध्ये बाहेरून दिसायचं नाव (पब्लिक होस्टनेम) म्हणून तेच काटा डॉट नाव आणि सेवा म्हणून एचटीटीपी लोकलहोस्ट ८०८० जोडा.

आता दुसऱ्याच मोबाईलवरून, इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. थेट पावत्या दिसल्या तर कुलूप बसलेलं नाही, नावात काहीतरी फरक आहे. आधी ईमेल विचारला पाहिजे.

सेवा चालू आहे पण टनेल डाऊन दाखवतंय, असं सिमच्या नेटवर होतं. क्लाउडफ्लेअरडी बाहेर जाताना ७८४४ पोर्टवर आधी यूडीपीने (पोच न मागता डेटा पाठवायची पद्धत) जायला बघतं, आणि काही मोबाईल नेटवर्क यूडीपीला नीट वागवत नाहीत. प्रोटोकॉल या पर्यायात एचटीटीपी२ लिहिलं की ते टीसीपीने (पोच घेत पाठवायची पद्धत) जातं आणि टिकतं.

या रीतीत एक गोष्ट पत्करावी लागते. कुलूप क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर उघडतं आणि तिथून आत येताना पुन्हा लागतं, म्हणजे मधे त्यांना मजकूर दिसू शकतो. काट्याच्या पावतीसाठी मला ते चालतं. घरातल्या कॅमेऱ्यासाठी नाही. तसंही फुकट योजनेवरून तासन्‌तास व्हिडिओ वाहणं त्यांच्या अटींत बसत नाही, म्हणून डीव्हीआर या वाटेने काढूच नका.

तिसरी रीत: स्वतःचा व्हीपीएस

ज्यांना मधे कोणी नको, किंवा वेबपानाखेरीज दुसरंच काही न्यायचं आहे, त्यांनी महिन्याच्या भाड्याचा छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटासेंटरमधला आपल्या ताब्यातला सर्व्हर, घ्यावा. मुंबई किंवा बेंगळुरूचा घ्या, परदेशातला घेतला तर प्रत्येक क्लिक रेंगाळते. ओळखपत्र मागितलं तर दचकू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षं ठेवावी लागते.

सर्वात सोपं म्हणजे एसएसएच, दूरच्या यंत्राशी कुलूपबंद जोडणी करणारं, १९९५ पासून चालत आलेलं. पायवरून कमांड अशी: एसएसएच, मग -एन, मग -आर (दोन्ही मोठ्या लिपीत), त्यापुढे ८०८०:लोकलहोस्ट:८०, आणि शेवटी व्हीपीएसवरचं वापरकर्ता नाव व पत्ता. अर्थ असा की व्हीपीएसच्या ८०८० वर आलेलं सगळं माझ्या ८० वर आण. मूळ सेटिंगमध्ये हे ८०८० फक्त व्हीपीएसच्या आतूनच उघडतं. ते बाहेर दिसावं म्हणून गेटवे-पोर्ट्स चालू करा असं नेटवर लिहिलेलं सापडेल. करू नका. त्याच्यासमोर कॅडी हा वेबसर्व्हर बसवा. त्याच्या फाइलमध्ये डोमेनचं नाव आणि रिव्हर्स-प्रॉक्सी लोकलहोस्ट ८०८० एवढंच लिहिलं की लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट तो स्वतः आणतो आणि स्वतः नवं करत राहतो. त्याच फाइलमध्ये बेसिक ऑथने पासवर्ड लावा, आणि तो पान सुरू करायच्या आधी लावा. प्रत्येक नव्या सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक वहीत होते आणि ती वही चाळणारी यंत्रं मिनिटांत दारात येतात. पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणजे कोणाला माहीत नाही, हा भ्रम आहे.

एसएसएचवर लाईन गेल्या-आल्यानंतर एक विचित्र बिघाड होतो. पाय पुन्हा जोडलं जातं, जोडणी दिसते, पण पान उघडत नाही. कारण व्हीपीएसला आधीची जोडणी तुटल्याचं कळलेलंच नसतं, ८०८० जुन्या मेलेल्या जोडणीकडेच अडकलेलं असतं. उपाय दोन्ही टोकांना करायचा. व्हीपीएसच्या एसएसएच सेटिंगमध्ये क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल ३० आणि काउंट-मॅक्स ३, म्हणजे दीड मिनिटात मेलेली जोडणी सुटेल. पायच्या बाजूला एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर येस आणि सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३०, म्हणजे पोर्ट मिळालं नाही तर कमांड खोटी खोटी चालू न राहता पडेल, आणि सिस्टमडी तिला पुन्हा उभी करेल. व्हीपीएसवर या कामाला वेगळा वापरकर्ता करा, पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त किल्लीने आत येऊ द्या.

चार-पाच बागांतले सेन्सर एकत्र आणायचे असतील तर एसएसएचपेक्षा वायरगार्ड बरं. व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० उघडा, प्रत्येक टोकाला किल्ल्यांची जोडी करा, आणि बागेच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ लिहायला विसरू नका. ती ओळ नसली की गप्प बसलेली जोडणी सीजीनॅट विसरून जातं आणि बाहेरून आत येता येत नाही. लॉगिनचं छोटं पान उघडतं पण पुढचं मोठं पान अर्धवट लटकतं, असं दिसलं तर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या तुकड्याचा आकार) १४२० वरून १२८० करा. सिमच्या नेटवर हे नेहमीचं आहे.

बंद पडल्यावर कुठून सुरुवात करायची

उभं केल्यानंतर लगेच वावरात उभं राहून मेन स्विच पाडा. बॅटरीवर सगळं चालू राहतं का पाहा, मग बॅटरीही काढा. पाच मिनिटांनी सगळं परत जोडा आणि कशालाही हात न लावता मोबाईल डेटावरून उघडून पाहा. दहा मिनिटांत आपोआप उभं राहिलं नाही तर काम अर्धवट आहे.

नंतर कधी बंद पडलं तर आतून बाहेर शोधत या. सालदाराला किंवा दुकानातल्या पोराला फोन करून विचारा, राउटरचा दिवा लागलाय का, सिमचा पॅक संपलाय का. मग आतल्या यंत्रावर (पाय किंवा काट्याचा संगणक) त्याच्याच ब्राउझरमधून किंवा कर्ल कमांडने मूळ सॉफ्टवेअरचं पान उघडा, जसं काट्याचं लोकलहोस्ट ८०८०. इथेच उघडत नसेल तर टनेलला दोष देऊ नका, मूळ सॉफ्टवेअर पडलंय. इथे उघडलं तर डेट कमांडने घड्याळ पाहा. घड्याळ बरोबर असेल तर सिस्टमसीटीएल स्टेटस आणि टनेलच्या सेवेचं नाव द्या, शेवटच्या दहा ओळी वाचा. कारण बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं. डिस्क फुल झाली असेल तर डीएफ ही कमांड दाखवेल. लाईन सारखी जात-येत असलेल्या ठिकाणी पायचं मेमरी कार्ड खराब होतं, तेव्हा पायच मुळात सुरू होत नाही. सगळं बसवून झाल्यावर कार्डाची एक प्रत काढून डीव्हीआरच्या डब्यातच चिकटवून ठेवा. मग तुम्ही नागपुरात असलात तरी फोनवरून सांगून कोणीही कार्ड बदलू शकतं.

आणि सालदार बदलला, ऑपरेटर काम सोडून गेला, सीए बदलले, की त्याच दिवशी टेलस्केलच्या यादीतून ते यंत्र आणि ॲक्सेसच्या यादीतून तो ईमेल काढा. डीव्हीआरचा पासवर्डही बदला, कारण तो त्यांच्या मोबाईलमध्ये साठवलेला असतो.